फ्रीलान्स ग्राफिक डिझायनरचा ताशी दर: पगाराला तासांनी भागू नका

नोकरी सोडून स्वतःची कामं घेणारे बहुतेक डिझायनर पहिला हिशेब असा करतात: पगार ४५,००० होता, महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे ८ तास, म्हणजे २०८ तास. भागाकार आला २१६ रुपये. चला, २५० सांगू. आकडा वाजवी वाटतो, क्लायंटही कुरकुरत नाही, आणि वर्षभरात बचत संपून पुन्हा नोकरीच्या जाहिराती बघायची वेळ येते.

गफलत अशी की कंपनी तुमच्या रिकाम्या वेळेचेही पैसे देत होती. मीटिंग सुरू होण्याची वाट बघण्यात गेलेला अर्धा तास, इंटरनेट बंद पडलेली दुपार, दिवाळीच्या सुट्ट्या, तापात काढलेले चार दिवस, सगळं त्या ४५,००० मध्ये होतं. मशीन, सॉफ्टवेअर, वीज, पीएफमधला कंपनीचा वाटा हे वेगळंच. फ्रीलान्सिंगमध्ये क्लायंट फक्त त्याच्या कामावर गेलेल्या तासाचे पैसे देतो, आणि बाकीचे सगळे तास त्याच तासांच्या पाठीवर बसतात.

खालचा हिशेब पुण्यात घरूनच काम करणाऱ्या, पाच-सहा वर्षांचा अनुभव असलेल्या डिझायनरचा नमुना आहे. आकडे धरलेले आहेत, तुमचे घालून बघा. नाशिक किंवा सावंतवाडीत घरखर्च कमी येईल, ठाण्यात जास्त. रीत तीच राहते.

## आधी तास, मग पैसे

वर्षाचे ३६५ दिवस. शनिवार-रविवारचे १०४ गेले, राहिले २६१. सणवार आणि घरची कार्यं मिळून १२, सुट्टीचे १२, आजारपण आणि दवाखान्याच्या फेऱ्यांचे ७ वजा करा. उरतात २३० दिवस. शनिवारी काम करणार असाल तरी ते या हिशेबात धरू नका. काम अंगावर आलं की शनिवार आपोआप जातोच, तो राखीव असू द्या.

आता या २३० दिवसांत रोजचे किती तास बिलात जातात? इथे बहुतेकांचा अंदाज साफ चुकतो. आठ तास टेबलाशी बसलं म्हणजे आठ तासांचं बिल झालं असं होत नाही. कोटेशन बनवणं, नव्या क्लायंटशी बोलणं (यातले निम्मे पुढे फिरकतच नाहीत), थकलेल्या पैशांसाठी फोन, बँक, सीए, फाइली जागेवर लावणं, बॅकअप, पोर्टफोलिओ, नवं काही शिकणं यांचं बिल कुणालाच लागत नाही. एकट्याने धंदा करणाऱ्याचे दिवसाला ४ ते ५ तास बिलाचे निघाले तरी ते चांगले समजा. सहा म्हणणाऱ्याने नोंद ठेवलेली नसते.

तुमचा खरा आकडा काढायला चार आठवडे वेळ लिहून ठेवा. क्लॉकिफाय किंवा टॉगलसारखं फुकट ॲप चालेल, वहीही चालेल. रकाने चारच: तारीख, क्लायंट, काय केलं, किती मिनिटं. १५ मिनिटांच्या पटीत लिहा. व्हॉट्सॲपवरचं बोलणंही लिहा. "तो निळा जरा गडद करता येईल का" या एका निरोपाला वाचणं, फाइल उघडणं, बदल, पुन्हा पीडीएफ काढणं आणि पाठवणं मिळून सहज २० मिनिटं जातात, आणि दिवसात असे पाच निरोप येतात. ही नोंद संध्याकाळी आठवून लिहिली तर ती खोटी निघते, कारण मेंदू असले तुकडे विसरतो. काम बदललं की त्याच क्षणी लिहा.

नमुन्यात दिवसाचे साडेचार तास धरू. २३० गुणिले ४.५ म्हणजे वर्षाला १,०३५ बिलाचे तास.

## वर्षाचा खर्च

घरासाठी महिन्याला ४५,००० लागतात: भाडं, किराणा, मुलांची फी, हप्ते, सगळं धरून. वर्षाचे ५,४०,०००. पीएफ आता कुणी कापत नाही, म्हणून म्हातारपणासाठी आणि अडीअडचणीसाठी महिन्याला ८,००० बाजूला, वर्षाचे ९६,०००. आरोग्य विमा आणि टर्म विमा मिळून ३०,०००. घरची बेरीज ६,६६,०००.

धंद्याच्या खर्चात लोक सॉफ्टवेअर लिहितात आणि थांबतात. पूर्ण यादी साधारण अशी होते. मशीन आणि चांगला मॉनिटर मिळून १,४०,००० चे असतील आणि चार वर्षं चालणार असतील तर दर वर्षाचे ३५,०००. ते आधीच विकत घेतलेलं असलं तरी धरायचे, कारण चौथ्या वर्षी नवं घ्यायला पैसे कुठून येणार? सॉफ्टवेअरचं वर्गणीमूल्य ५०,००० धरू. तुमचं नक्की किती ते नूतनीकरणाच्या बिलावरून घ्या, पहिल्या वर्षीच्या सवलतीच्या किमतीवरून नको. फॉन्ट आणि स्टॉक फोटो १२,०००. इंटरनेट आणि फोन १५,०००. विजेतला वाटा आणि यूपीएसची बॅटरी १२,०००. सीए १२,०००. प्रेसच्या फेऱ्या, पेट्रोल, नमुना प्रिंट २४,०००. हार्ड डिस्क आणि क्लाउड ७,५००. वेबसाइट आणि दुरुस्त्या १०,०००. महाराष्ट्रात स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यालाही व्यवसाय कर आहे, वर्षाला २,५०० रुपये. तो भरायचा राहिला की व्याजासकट मागे लागतो. एकूण १,८०,०००.

घर आणि धंदा मिळून ८,४६,०००.

यात दोन गोष्टी अजून नाहीत. काही बिलं बुडतात, आणि काही महिने थंड जातात. पितृपक्षात नव्या दुकानाचं, नव्या ब्रँडचं काम हलत नाही. दिवाळीनंतरचे दोन आठवडेही तसेच. या दोन्हींसाठी मिळून १० टक्के धरा. पण १० टक्के वाढवायचे नाहीत, ०.९ ने भागायचं, कारण येणाऱ्या पैशातला दहावा हिस्सा येणारच नाही असं आपण धरतोय. ८,४६,००० भागिले ०.९ म्हणजे ९,४०,०००.

९,४०,००० भागिले १,०३५ म्हणजे ९०८ रुपये.

हा तुमचा तळाचा दर. २१६ नव्हे, २५० नव्हे. याच्या खाली घेतलेलं प्रत्येक काम घरच्या पैशातून क्लायंटला दिलेली सवलत असते. यावर नफा म्हणून २० टक्के चढवा, १,०९० होतात, सोयीसाठी १,१०० म्हणू. नफा म्हणजे चैन नव्हे. पुढे मदतनीस ठेवायचा असेल किंवा एखादं वर्ष मोठ्या क्लायंटने पाठ फिरवली तर उभं राहायचं असेल, ते याच्यातून.

बिलाच्या तासांवर दर किती हलतो तेही बघून ठेवा. तोच खर्च, पण दिवसाला सहा तास बिलात गेले तर तळाचा दर ६८१. तीनच तास गेले तर १,३६२. खर्चात काटकसर करून इतका फरक कधीच पडत नाही. म्हणून दर जास्त वाटत असेल तर आधी फॉन्टचे पैसे वाचवू नका. कोटेशनवर जाणारे तास कमी करा. एक नमुना कोटेशन बनवून ठेवलं आणि पहिल्या फोनवरच "साधारण बजेट काय धरलंय?" असं विचारलं तरी आठवड्याचे दोन-तीन तास सुटतात.

## कर कुठे बसतो

जीएसटी हा तुमचा पैसा नाही आणि दरात धरायचाही नाही. महाराष्ट्रात आणि गोव्यात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते, आणि मग डिझाइनच्या बिलावर १८ टक्के. कोटेशनमध्ये पहिल्या दिवसापासून "जीएसटी लागू झाल्यास वेगळा" ही ओळ ठेवा. नाहीतर मर्यादा ओलांडली की जुन्या ठरलेल्या रकमेतून तो तुमच्या खिशातून जातो.

छपाईचे पैसे आपल्या बिलातून फिरवायची सवय इथे अंगाशी येते. डिझाइनचे ३०,००० आणि छपाईचे १,२०,००० असं एकच बिल केलं की उलाढाल दीड लाखाने फुगते आणि हातात उरतात ३०,०००च. क्लायंटला प्रेसचं बिल थेट भरू द्या. देखरेखीचे तास तुम्ही वेगळे लावा. प्रेसवाला कमिशन देत असेल तर ते क्लायंटला माहीत असलेलं बरं, कारण छपाई बिघडली की तुम्ही कुणाच्या बाजूने बोलता हा प्रश्न येतोच.

कंपन्या बिलातून टीडीएस, म्हणजे तुमच्या नावाने आगाऊ भरला जाणारा आयकर, कापतात. कुणी व्यावसायिक सेवा म्हणून १० टक्के कापतं, कुणी कंत्राट म्हणून १ टक्का. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर आयकर शून्य होतो, त्यामुळे नमुन्यातल्या डिझायनरला कर बसत नाही आणि कापलेला पैसा परत मिळतो. पण तो विवरणपत्र भरल्यावर. ९ लाखांच्या बिलांवर १० टक्क्यांनी ९०,००० रुपये कित्येक महिने अडकून पडतात. तो दराचा नाही, रोख रकमेचा प्रश्न आहे; वर्षाच्या सुरुवातीला तेवढी गंगाजळी हवी. जीएसटी लागू असेल तर तो बिलात वेगळा दाखवा, म्हणजे टीडीएस मूळ रकमेवरच कापला जातो.

## ताशी दर सांगायचा कुणाला?

शक्यतो कुणालाच नाही. ताशी दर ही तुमची आतली फूटपट्टी आहे. मसाल्याच्या कारखानदाराला "तासाला १,१००" सांगितलं की त्याच्या डोक्यात लगेच दुसरा हिशेब सुरू होतो: माझा कामगार दिवसाला किती घेतो? आणि मग तुम्ही किती तास लावताय यावर नजर. त्याला पाकीट हवंय, तुमचे तास नकोत. त्याला एकच रक्कम सांगा, त्यात काय येतं आणि काय येत नाही ते लिहून द्या.

ताशी दरात अजून एक खोट आहे. हात बसला की तेच काम निम्म्या वेळात होतं, आणि तासावर बिल करणाऱ्याची कमाई त्याच कामाला निम्मी होते. अनुभवाचा दंड भरल्यासारखं ते.

तासावरच घ्यावीत अशी कामंही आहेत. दुसऱ्याने बनवलेल्या फाइलमधली दुरुस्ती, प्रेसवर उभं राहून रंग बघणं, "रोज थोडं थोडं काम असेल" असलं महिन्याचं काम, आणि ज्याचा शेवटच दिसत नाही असं कुठलंही काम. तिथे किमान एक तास लावा आणि पुढे १५ मिनिटांच्या पटीत. वीस मिनिटांचं काम वीस मिनिटांत होत नाही. हातातलं काम सोडून परत त्यात शिरायलाच पंधरा मिनिटं जातात.

## एका कामाचा अंदाज, शेवटपर्यंत

घरगुती मसाले बनवणाऱ्या छोट्या उद्योगाला चार प्रकारांची पाकिटं हवी आहेत: गोडा, कांदा-लसूण, मालवणी, गरम. अंदाज असा मांडा.

बोलणं आणि गरज समजून घेणं २ तास. दुकानांत जाऊन शेजारी कुठली पाकिटं असतात ते बघणं २. दोन वेगळ्या संकल्पना १०. निवडलेली संकल्पना पक्की करणं ७. उरलेले तीन प्रकार प्रत्येकी २ तासांनी ६. मागची बाजू ४. बदलांच्या दोन फेऱ्या ५. प्रिंटरच्या की-लाइनवर (पाकिटाच्या कापण्या-दुमडण्याच्या आखणीवर) फाइल बसवणं आणि प्रूफ तपासणं ४. बेरीज ४० तास.

मागच्या बाजूला ४ तास बघून नवखे हसतात. पण तिथेच काम अडतं. घटक उतरत्या प्रमाणात, पोषणमूल्यांचा तक्ता, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक, चौकोनातला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, किंमत, उत्पादनाची तारीख, ग्राहक तक्रारीचा पत्ता आणि फोन, शिवाय अक्षरांची किमान उंची किती हेही नियमात आहे. ही माहिती क्लायंटकडून एकदम कधीच येत नाही. पोषणमूल्यांचा अहवाल प्रयोगशाळेतून यायचा असतो, परवान्याचं नूतनीकरण चालू असतं. "माहिती पूर्ण लेखी मिळाल्यावर ही बाजू सुरू होईल" असं कोटेशनमध्ये लिहा. माहिती बरोबर असण्याची जबाबदारी क्लायंटची, हेही तिथेच.

४० तासांवर १५ टक्के अडचणींसाठी, म्हणजे ६. एकूण ४६. गुणिले १,१०० म्हणजे ५०,६००. कोटेशनला ५१,००० लिहा. वरचा एक हजार क्लायंट काढून टाकेल, त्याला घासाघीस केल्याचं समाधान मिळेल, आणि तुमचे तास जवळजवळ पूर्ण वसूल होतील.

बदलांच्या दोन फेऱ्या म्हणजे काय हे स्पष्ट हवं. एक फेरी म्हणजे सगळ्या सूचना एकत्र, एका माणसाकडून, एकदाच. नाहीतर सकाळी मालक, दुपारी त्यांची बायको आणि रात्री अमेरिकेतला मुलगा वेगवेगळं सांगतात, आणि तिघांचं मिळून एकच फेरी धरली जाते. तिसऱ्या फेरीपासून तासावर. संकल्पना पक्की झाल्यावर "पुन्हा पहिली बघू या का" हा बदल नव्हे, ते नवं काम.

लॅमिनेटेड पाकिटं ग्रॅव्ह्यूअर पद्धतीने, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने, छापतात तेव्हा प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. सिलिंडर झाल्यावर वजनातला एक आकडा चुकलेला सापडला तर तो सिलिंडर पुन्हा. हा खर्च कुणाचा, यावर भांडण होण्याआधीच अंतिम प्रूफवर क्लायंटची सही किंवा ईमेलवर "छापायला हरकत नाही" एवढं लेखी घ्या. व्हॉट्सॲपवरचा अंगठा पुरत नाही. तो कुठल्या फाइलला होता हे महिन्याभराने कुणालाच सांगता येत नाही.

पैसे तीन टप्प्यांत: ५० टक्के आगाऊ, ३० संकल्पना मंजूर झाल्यावर, २० छपाईची फाइल देण्याआधी. शेवटचा हप्ता फाइल दिल्यावर ठेवला तर तो पाकिटं विकली जाईपर्यंत लांबतो. निवडणुकीच्या प्रचाराचं काम असेल तर १०० टक्के आगाऊ घ्या. निकालानंतर हरलेल्याकडे पैसे नसतात आणि जिंकलेल्याला वेळ नसतो.

## मराठी मजकूर असला की तास वाढवा

इंग्रजी माहितीपत्रकाला ८ तास लागत असतील तर त्याच्याच मराठी आवृत्तीला ८ धरून चालत नाही. मजकूर जुन्या लिपी-सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला आला की तो आधी युनिकोडमध्ये न्यावा लागतो, आणि त्यात नेमक्या ठरावीक जागा फुटतात: 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' यांतला अर्धा र, रफार, काही जोडाक्षरं. नुसतं शोधा-आणि-बदला करून हे सगळं सापडत नाही, डोळ्यांनी वाचावं लागतं. कित्येक देवनागरी फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी वळण हवं असेल तर फॉन्टमध्ये ती सोय आहे का ते बघून, भाषा मराठी निवडून ते चालू करावं लागतं. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर निवडला नसेल तर वेलांटी चुकीच्या बाजूला उडी मारते. शेवटी प्रेसवाला म्हणतो, "फाइल कर्व्ह करून पाठवा," म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून. कर्व्ह केल्यावर एक अनुस्वार बदलायचा तर मूळ फाइलपर्यंत मागे जावं लागतं.

पुस्तकाच्या अक्षरजुळणीचं काम पानावर ठरतं. तिथे दर सांगण्याआधी मिळालेल्या मजकुरातली मधली दहा पानं स्वतः लावून बघा आणि घड्याळ लावा. पहिली दहा नकोत, ती नेहमी सोपी असतात. दहा पानांना चार तास लागले तर पानाला २४ मिनिटं, म्हणजे १,१०० च्या दराने ४४०. हा आकडा प्रकाशकाला झेपणार नाही, आणि तुम्हाला तो खाली आणता येणार नसेल तर ते काम तुमचं नाही. अक्षरजुळणी करणाऱ्याला ते द्या, मुखपृष्ठ तुम्ही करा.

## लोगोचा हिशेब तासावर थांबत नाही

तळाचा दर गुणिले तास ही लोगोची किमान किंमत झाली. तोच लोगो एका स्टेशनरीच्या दुकानासाठी असेल आणि बारा शाखांच्या डायग्नोस्टिक साखळीसाठी असेल, तर तास थोडेच वाढतात, वापर कितीतरी वाढतो. वापराचे पैसे वेगळे धरा: किती शाखा, कुठली माध्यमं, किती वर्षं.

हक्कांबद्दल एक गोष्ट डिझायनर आणि क्लायंट दोघांनाही माहीत हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क सोपवायचे तर ते लेखी लागतं. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून "पूर्ण रक्कम मिळाल्यावर सर्व हक्क कायमचे, जगभरासाठी क्लायंटकडे" एवढी ओळ बिलासोबत दिली की मोठा क्लायंट निर्धास्त होतो, आणि त्याच ओळीतले "पूर्ण रक्कम मिळाल्यावर" हे शब्द तुमचं काम करतात.

## घासाघीस

"जरा कमी करा" याला उत्तर दर कमी करणं नव्हे, काम कमी करणं. मसाल्याच्या कामात ५१,००० ऐवजी ४०,००० च जमत असतील तर असं लिहा:

"नमस्कार, ४०,००० मध्ये करता येईल. त्यात दोनऐवजी एक संकल्पना, बदलांची एक फेरी आणि चारऐवजी तीन प्रकार येतील. चौथा प्रकार पुढे घेतलात तर ४,००० वेगळे. यातलं कुठलं चालेल ते कळवा, म्हणजे सुधारित कोटेशन पाठवतो."

तेच काम ४०,००० त दिलं तर क्लायंटला एवढंच कळतं की तुमचा पहिला आकडा फुगवलेला होता. पुढच्या वेळी तो तिथूनच सुरुवात करतो.

"पुढे भरपूर काम देतो" यावर सूट पुढच्या कामावर द्या, या कामावर नाही: तिसऱ्या कामापासून १० टक्के. "आमचा पुतण्या कॅन्व्हावर करतो" याला प्रतिवाद करू नका. इन्स्टाग्रामची रोजची पोस्ट पुतण्या खरंच करू शकतो. त्याला वापरायला साचे बनवून देण्याचं काम मागून घ्या, ते तासांच्या मानाने चांगलं पडतं.

नातेवाइकांच्या लग्नपत्रिकेला दोनच दर असावेत: पूर्ण किंवा शून्य. अर्ध्या दरात काम करणाऱ्याला मोबदला पुरत नाही आणि उपकारही मोजला जात नाही. शून्य घ्यायचं तर बिल पूर्ण रकमेचं करून खाली "आहेर म्हणून" वजा दाखवा, म्हणजे मावशींच्या पुढच्या ओळखीच्याला खरा आकडा कळतो.

घाईच्या कामाला २५ ते ५० टक्के जास्त. घाई म्हणजे काय ते आधी ठरवून ठेवा: ४८ तासांच्या आत, किंवा रविवारी. गणपतीआधीचे तीन आठवडे आणि दिवाळीच्या आधीचा महिना हा दर सगळ्यांनाच लावला तरी चालतो, कारण तेव्हा एक काम घेणं म्हणजे दुसरं सोडणं असतं.

## बाहेरच्या देशांतली कामं

परदेशी क्लायंटसाठी १,१०० रुपयांचे डॉलर करून सांगू नका. तिकडचा बाजारभाव बघून दर ठरवा. तुमचा तळाचा दर फक्त नाही कधी म्हणायचं ते सांगतो. कापले जाणारे पैसे मात्र उलट मोजा. फायव्हर हे ऑनलाइन कामं मिळवून देणारं संकेतस्थळ कमाईतले २० टक्के ठेवतं, म्हणजे हातात १,१०० यायला १,३७५ लावावे लागतात. १,१०० वर २० टक्के चढवून १,३२० लावले तर हातात १,०५६ च येतात. शिवाय बँक किंवा पेमेंट कंपनी विनिमय दरात आपला वाटा काढते. पहिल्याच रकमेवर त्या दिवशीचा बाजारदर आणि तुम्हाला मिळालेला दर यांतला फरक लिहून ठेवा.

## थकलेले पैसे

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) फुकट आहे, सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन देऊन होते. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून असं थकवलेलं बिल कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, ते दिल्यावरच धरता येतं. त्यामुळे मार्चमध्ये अकाउंट्स विभाग स्वतःहून फोन करतो. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि काम पोचल्याचा ईमेल जपून ठेवा, दिवस तिथून मोजतात.

## दर कधी वाढवायचा

लागोपाठ चार कोटेशनं एका शब्दाची घासाघीस न होता मंजूर झाली तर दर कमी आहे. नव्या क्लायंटला लगेच १० ते १५ टक्के वाढवून सांगा. जुन्यांसाठी १ एप्रिल सोयीचा, कारण त्यांचंही बजेट तेव्हाच नवं होतं. महिनाभर आधी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात कळवा:

"नमस्कार, १ एप्रिलपासून माझे दर १२ टक्क्यांनी वाढत आहेत. ३१ मार्चपर्यंत मंजूर झालेली कामं जुन्याच दराने पूर्ण करून देईन."

कारणं लिहू नका. महागाई, सॉफ्टवेअर असं लिहिलं की त्यावरच चर्चा सुरू होते.

दर वाढवण्याआधी वरचा हिशेब नव्या आकड्यांनी पुन्हा मांडा. बिलाचे तास गेल्या वर्षीच्या नोंदीतून घ्या, अंदाजाने नको. जुना क्लायंट नव्या दराला तयार झाला नाही तर हातातलं काम जुन्या दराने संपवा आणि छपाईच्या पीडीएफ फाइली नीट नावं देऊन सोपवा. खुल्या फाइली (बदल करता येतील अशा मूळ फाइली) मागितल्या तर त्या मूळ कोटेशनमध्ये होत्या का ते बघा. नसतील तर त्यांची वेगळी रक्कम लावा. विकत घेतलेले फॉन्ट मात्र त्यांच्यासोबत देऊ नका. बहुतेक परवाने ते देऊ देत नाहीत, नावांची यादी द्या.